बोटावरचे नव्व्याण्णव

‘शांत झोपलीय’ असं कुणी वॉर्डात म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी तशी भांडकुदळ नाही. रिक्षावाल्यानं चुकीच्या कोपऱ्यावर उतरवलं तरी मी गुपचूप चालत जाते. पण हे वाक्य कानावर पडलं की हातातलं काम टाकून मी त्या कॉटकडं जाते आणि झोपलेल्या माणसाला हाक मारते. नातेवाईक चिडतात. चिडू देत.

हे कशामुळं झालं ते लिहायचं आहे. नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही, कारण आठवलं की अजूनही राग येतो आणि रागात माझी वाक्यं तुटतात.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. परभणीपासून जवळच आमचं गाव, तिथं वडलांची पिठाची गिरणी. माझा अभ्यास काय असतो ते वडलांना कळत नाही, त्यांना टक्के कळतात. निकालाच्या दिवशी ते गिरणी बंद करून एकच विचारतात, “किती?” मी आकडा सांगितला की पुन्हा पट्टा सुरू. त्यांच्यावर माझा राग नाही. पण आकडा ऐकला की पुढचं काहीच विचारायचं नाही, ही सवय फक्त आमच्या गिरणीतली नाही, हे मला वॉर्डात कळलं.

आमच्या ट्यूटर मॅडम श्वासाच्या पेशंटची तपासणी शिकवताना आम्हाला हात पाठीमागं बांधायला लावायच्या. “यंत्र नंतर,” त्या म्हणायच्या. “आधी कॉटच्या पायथ्याशी उभं राहा आणि बघा. माणूस कसा बसलाय? एका दमात किती शब्द बोलतो? मानेच्या शिरा, गळ्याखालची खळी ओढली जाते का? आणि हाक मारल्यावर तुमच्याकडं कसा बघतो?” मला इंग्रजी पुस्तकातलं एक पान समजायला अर्धी दुपार लागायची. पण हे मात्र लगेच समजलं. आमच्या गावात लोक जनावर विकत घेताना असंच बघतात.

ती बाई मेडिसिन वॉर्डात आली तेव्हा मॅडमनी मला तिच्याकडं पाठवलं. पोखर्णीकडच्या एका गावची, साठीच्या आसपासची. घरचे म्हणायचे दमा आहे. दमा नव्हता. जन्मभर चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या घालून, त्या धुरानं तिची फुप्फुसं कायमची खराब झाली होती. ती कॉटच्या कडेला पाय सोडून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानाशी आलेले. फुंकणीनं चूल फुंकावी तसे ओठ करून ती श्वास सोडत होती.

“काय तकलीफ होते, मावशी?”

“दिसंना... का... तुला?”

मी गडबडले. “दिसतंय. पण विचारावं लागतं.”

“शिकायलीस... व्हय... माझ्यावर?”

“हो.”

“मग नीट... शीक. मी... फुकट... न्हाई.”

मागं उभ्या असलेल्या मॅडम हसल्या. “दम फार लागलाय, एका श्वासात एक-दोन शब्द. पण शुद्ध चांगली आणि जीभ तिखट. हे लक्षात ठेव, उद्या हिला याच्याशीच ताडून बघायचं.”

राऊंडवर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की नाकातल्या नळीनं दोन लिटर ऑक्सिजन द्या, बोटावरचा आकडा नव्वदच्या आसपास ठेवा, वर नेऊ नका. ते हे इंग्रजीत बोलले, सिस्टरशी बोलले, आणि पुढच्या कॉटकडं वळले. बाईचा मुलगा शेजारीच उभा होता. तिशीचा, टेम्पो चालवणारा. आईच्या बोटाला लावलेल्या मशीनवरून त्याची नजर हलत नव्हती.

“शिस्टर, नव्वदच दाखवायलंय की.”

“यांच्यासाठी नव्वद ठीक आहे, दादा. ऑक्सिजन जास्त झाला तर यांना उलट त्रास होतो.”

“आक्सिजननं तरास?” तो बायकोकडं बघून हसला. “ऐकलं का? पाणी पिल्यानं तहान लागती म्हणायली ही.”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. श्वासाची कामं दोन असतात. ऑक्सिजन आत घ्यायचा आणि आतला खराब वायू बाहेर टाकायचा. बोटावरचं मशीन पहिल्या कामाचं सांगतं, दुसऱ्याचं त्याला काहीच कळत नाही. ज्यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं अशी खराब झालेली असतात, त्यांच्यातल्या काहींना ऑक्सिजन भरमसाट दिला की तो खराब वायू आत साठत जातो. माणूस दारू प्यायल्यासारखा गुंगतो आणि मग श्वास घ्यायचंच विसरतो. मी हे सगळं अडखळत सांगितलं. तो मान हलवत होता, पण बघत होता मशीनकडं.

“तुमी अजून शिकायलात ना? ऱ्हाऊ द्या. मी मोठ्या डॉक्टरलाच इचारतो.”

दुसऱ्या दिवशीच्या राऊंडला त्यानं खरंच विचारायचा प्रयत्न केला. हात जोडून पुढं झाला, “सायेब, हे जरा...” एवढं म्हणेपर्यंत राऊंड पलीकडं गेला होता. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडं होत्या. तो जोडलेले हात तसेच घेऊन थोडा वेळ उभा राहिला. मला त्या पाठींचाही राग येतो. मी तो अजून कुणाला बोलून दाखवलेला नाही.

त्याच दिवशी दुपारी लेक्चर संपवून मी वॉर्डात परत आले, तर तो दारातच फोनवर मोठ्यानं बोलत होता. “नव्व्याण्णव! हाव, नव्व्याण्णव आलंय माझ्या मायला! सकाळी नव्वद व्हतं. झोपली बी. किती रातींनी डोळा लागलाय बग. पास झाली म्हण की.”

मी आत गेले आणि कॉटच्या पायथ्याशी उभी राहिले.

आल्यापासून पहिल्यांदाच ती आडवी झोपली होती. सपाट, उशीवर मान कलती. ओठांची ती फुंकणी नव्हती, तोंड अर्धवट उघडं. भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या काचेच्या नळीत एक छोटी गोळी तरंगत असते, ती जितकी वर तितका ऑक्सिजन जास्त. गोळी पार वर जाऊन टेकली होती. फुस्स आवाज येत होता. सून पदरानं वारा घालत होती. शेजारच्या कॉटवरची म्हातारी कौतुकानं म्हणाली, “कशी लेकरावाणी झोपलीय, बघा.”

सगळं कुटुंब खुशीत होतं आणि मी तिच्या छातीकडं बघत होते. छाती जेमतेम हलत होती. हलायची, मग थांबायची, मग विसरलेलं आठवल्यासारखी पुन्हा हलायची. गाल लालसर झाले होते. हात धरला तर गरम, आणि बोटं मधूनच झटका बसल्यागत उडायची.

“मावशी,” मी हाक मारली.

“अहो बाई, उठवू नका!” सून माझा हात धरून म्हणाली. “आत्ताच लागलीय झोप.”

“झोपलेलं माणूस उठवू न्हाई,” म्हातारीनं री ओढली. “आजाऱ्याची झोप म्हंजे अर्धं औषध असतंय.”

आमच्याकडं हे सगळेच मानतात. माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. क्षणभर मी हात मागं घेतला. मग वाकले आणि तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, “मावशी, मी आले. शिकायला आले तुमच्यावर!” काही नाही. नखावर पेन दाबलं. ती कण्हली, डोळे अर्धे उघडले, माझ्यातून आरपार बघितलं आणि पुन्हा मिटले.

मुलगा धावत आला. “काय करायलीस गं? चिमटे काढायलीस व्हय माझ्या मायला?”

“दादा, ऑक्सिजन कुणी वाढवला?”

“पहिलं हात काढ.”

“कमी करावा लागेल. त्या झोपल्या नाहीत, त्यांची शुद्ध चाललीय.”

तो भिंतीला पाठ लावून त्या नळीसमोर उभा राहिला. “हात लावून तर बग. नव्व्याण्णव हाय, दिसंना का? नव्व्याण्णव!”

मी पळत सिस्टरकडं गेले. एवढ्या मोठ्या वॉर्डाला त्या वेळी दोनच सिस्टर होत्या. ही एका पेशंटची शीर शोधत होती. कपाळावरचा घाम तिनं दंडानं पुसला. “सॅच्युरेशन किती?”

“नव्व्याण्णव.”

“अगं, हा बघ, सत्तरवर आलाय. मी सत्तरवाल्याला सोडून नव्व्याण्णववालीकडं येऊ? डॉक्टरला फोन कर जा.”

ती खोटं बोलत नव्हती. तो माणूस खरंच निळा पडत होता. मी टेबलावरचा फोन उचलला. पलीकडं निवासी डॉक्टर होते, आवाजावरून कळत होतं की कुठल्या तरी जिन्यावर आहेत. तिची शुद्ध हरपतेय हे मी पुस्तकातल्या इंग्रजीत सांगायला गेले आणि जीभ अडकली. “सर, पेशंट इज... सर, सेन्सोरियम...”

“सॅच्युरेशन किती आहे?”

“नव्व्याण्णव, सर.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

वडील तेच विचारतात, मुलगा तेच फोनवर सांगतो, सिस्टर तेच विचारते, आणि आता हेही. माझ्या आत काहीतरी इतकं तापलं की इंग्रजी गळून पडलं. “सर, काल ही बाई मला टोमणे मारत होती. आज ती उठत नाही. हाक मारली तरी उठत नाही, नख दाबलं तरी उठत नाही.”

पलीकडं पावलं थांबली. “चुलीच्या धुराची केस? ऑक्सिजन कितीवर आहे?”

“फुल, सर.”

“आलो. एकदम बंद करू नकोस. हळूहळू कमी कर, नव्वदच्या आसपास ठेव. उठव तिला, उठवत राहा.”

मी परत गेले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर मुलगा बाजूला झाला, पण दात-ओठ खात. “कायी झालं तर तुला सोडत न्हाई.” मी बटन फिरवू लागले. गोळी खाली आली. आणि मशीनवरचा आकडा उतरायला लागला.

ते मी विसरणार नाही. अठ्ठ्याण्णव, शहाण्णव. आकडा एकेक उतरला की सून हंबरडा फोडायची. “कमी व्हायलंय, वं! कमी व्हायलंय!” म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागली. अख्खा वॉर्ड गोळा झाला. “मारायली ही पोरगी मायला,” मुलगा सगळ्यांना सांगत होता. मी एका हातानं बटन धरलं होतं आणि दुसऱ्यानं बाईचा खांदा हलवत होते, “मावशी, उठा, श्वास घ्या, मावशी, घ्या श्वास,” आणि माझ्याभोवती एका जिवंत माणसासाठी रडारड चालली होती, तिला वाचवायचं काम चालू असताना. तिच्या तोंडाकडं एकानंही बघितलं नाही. सगळे बोटाकडं बघत होते.

डॉक्टर आले आणि पायथ्याशी एकदाच थांबून बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही. मनगटातून रक्त काढलं, तपासायला पळवलं आणि रिपोर्टची वाट न बघता आयसीयूला फोन केला. तिथं बायपॅप असतं, म्हणजे तोंडावर घट्ट मास्क बांधून श्वासाला ढकलत राहणारं यंत्र. ट्रॉली येईपर्यंत ते विचारत राहिले, “ऑक्सिजन कुणी वाढवला?”

मी मुलाकडं बघितलं. तो स्वतःच्या चपलेकडं बघत होता.

सिस्टर मागून म्हणाली, “वाफ देताना पोस्टिंगवरच्या शिकाऊ पोरींनी वाढवला असंल, कमी करायचा राहिला असंल.”

“मी नाही, सर,” मी म्हणाले. मी पुन्हा मुलाकडं बघितलं. आत्ता बोलेल, आत्ता बोलेल. त्यानं चपलेचा अंगठा सरळ केला आणि ट्रॉलीमागं निघून गेला.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं तेव्हा मी जे घडलं ते सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला, पण म्हणाल्या, “जाऊ दे. भांडून काय मिळणार?” मला भांडायचंच होतं, पण कुणाशी हे ठरत नव्हतं.

बाई वाचली. दुसऱ्या दिवशी मी आयसीयूच्या काचेतून बघितलं तर ती मास्क ओढायचा प्रयत्न करत होती आणि तिथल्या ब्रदरला हातवारे करून काहीतरी झणझणीत सुनावत होती. मला एवढं हलकं वाटलं की मी तिथंच भिंतीला टेकले. जिन्यावर मुलगा बसला होता. मला बघून सरकला. मी बसले नाही.

“तुम्ही खरं का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“करोनात माझा बाप रिक्षात गेला. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायलोय, कुठंच आक्सिजन न्हाई. मांडीवर डोकं व्हतं त्यांचं. शेजारच्यानं हेच बोटाचं मशीन आणून लावलं. साठ. मग पन्नास. मी आकडाच बगत बसलो, शिस्टर.” त्यानं नाक पुसलं. “आन् आता भिंतीतून निघायलाय फुकट. तर मी दोनवर ठिऊ?”

माझा राग त्याच्यावरून निघाला, पण गेला नाही. कुठं बसावं हे न कळल्यासारखा तो फिरत राहिला. एवढं मोठं कारण मनात घेऊन एक माणूस हात जोडून राऊंडसमोर उभा राहिला होता आणि त्याला सांगायला कुणाकडं पाच वाक्यं नव्हती. पण माझ्यावर आळ आला तेव्हा त्याच्याकडंही एक वाक्य नव्हतं. दोन्ही खरं आहे. मी तशीच निघाले.

आयसीयूत कुणातरी डॉक्टरांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, की ऑक्सिजन जास्त झाल्यानं तुमची आई जाणार होती. एकच. घाईत असतील.

बाई परत वॉर्डात आली, तीच कॉट. शेजारची म्हातारी घरी गेली होती, तिच्या जागी निमोनिया झालेले एक आजोबा आले होते. त्यांची फुप्फुसं आधी चांगली होती, आता पाण्यानं भरलेली. त्यांना मास्कमधून भरपूर ऑक्सिजन द्यायचा हुकूम होता, आणि तो बरोबर होता. मी तापमान घ्यायला वॉर्डात शिरले तेव्हा टेम्पोवाला आजोबांच्या मुलीला शिकवत होता.

“लय सोडू नका, ताई. जहर असतंय ते. माझी माय मरता मरता वाचली. दोन. दोनच्या वर जाऊच देऊ नका. थांबा, मी करून देतो.”

मी पोचेपर्यंत गोळी खाली आली होती. आजोबा बिछान्यावर अर्धे उठले होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या, गळ्याची खळी आत जात होती, एका हातानं ते मुलीचा पदर ओढत होते आणि तिला वाटत होतं त्यांना पाणी हवंय.

मी त्याचा हात झटकून टाकला आणि गोळी पुन्हा वर नेली. मग मी ओरडले. वॉर्डात, सिस्टरसमोर, आलेल्या-गेलेल्यांसमोर. “डोळे फुटलेत का तुमचे? माणूस तडफडतोय समोर! त्या दिवशी जास्त केलात, आज कमी केलात, एकदा तरी तोंडाकडं बघितलंत? दोन्ही वेळा भिंतीकडंच बघायला लागलात! आणि त्या दिवशीचं तुम्ही केलं होतं, हे त्या सिस्टरला आत्ता सांगा. आत्ता!”

पलीकडच्या कॉटवरून धापा टाकत आवाज आला. “सांग... की... मुडद्या.”

त्यानं आईकडं बघितलं. मग सिस्टरच्या टेबलाकडं बघून, मान खाली घालून म्हणाला, “शिस्टर, त्या दिवशी बटन म्याच फिरवलं व्हतं. हिनं न्हाई.” सिस्टर कागद लिहीत होती. तिनं वर बघितलं, “बरं,” म्हणाली आणि परत लिहायला लागली. बस, एवढंच. ज्याच्यासाठी मी इतके दिवस जळत होते, ते एका ‘बरं’मध्ये संपलं. त्याचाही राग आला.

“तोंडात मार एक... त्याच्या,” बाई मला म्हणाली. एका दमात तीन शब्द, मी मोजले, सवयीनं.

“मग कितीवर ठेवायचा, ते तरी सांगा,” मुलगा म्हणाला. “एक नंबर सांगा. मी हातच लावत न्हाई मग.”

“नंबर सांगणार नाही,” मी म्हणाले. “हात मागं बांधा. इकडं या, कॉटच्या पायथ्याशी. आजोबांकडं बघा.”

तो आला. हात मागं बांधले. आजोबांची मुलगीही त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“काय बगू?” तो म्हणाला.

“मान,” मी म्हणाले. “आधी मान बघा. शिरा अजून ओढायल्यात का?”

तो बघत राहिला. “ओढायल्यात,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “जरा कमी.”